बहात्तर ठोके

४ मार्च

ही डायरी मागच्या वर्षीची. कारखान्यात वाटली होती, तेव्हा कपाटात टाकली आणि विसरले. वार सगळे चुकलेले आहेत. चालेल, माझंही सगळं उशिराच चाललंय.

मोठी बातमी: मी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला! वय चौतीस पूर्ण. पस्तिशीनंतर फॉर्म घेत नाहीत, म्हणजे ही पहिली आणि हीच शेवटची. वीस एप्रिलला सकाळी लेखी, दुपारी हाताची परीक्षा. समोर बसवलेल्या माणसाची नाडी, श्वास, ताप मोजून लिहायचा. बारावी होऊन सोळा वर्षं झाली. तेव्हापासून मी चादरींच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी उभी आहे. कापड पुढे सरकत राहतं, मी त्यावरून हात फिरवते, कुठे धागा सुटलेला लागला की खडूने खूण करते. सोळा वर्षांत किती मैल कापड या बोटांखालून गेलं असेल देव जाणे.

नवरोबा शाळेची बस चालवतात, त्यामुळे कशालाही दचकत नाहीत. म्हणाले, "भर की. चिमणीचं मी बघतो." चिमणी म्हणजे आमची लेक. वय आठ, तोंड ऐंशीचं. ती म्हणाली, "आई, तू नापास झालीस तर सही कोणाची घेणार?"

शिकवणार तळमजल्यावरच्या सिस्टर. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली, अख्खी इमारत त्यांना टरकून असते. विचारायला गेले तर दारातच म्हणाल्या, "लगेच रडतेस का?" म्हटलं, नाही. "मग उद्या ये. सकाळी सहाला. सहा म्हणजे सहा."

६ मार्च

दोन दिवसांत डोकं भणाणून गेलंय, पण काय काय आहे हो आपल्या आत! बाळ जन्मतं तेव्हा त्याला आपल्यापेक्षा जास्त हाडं असतात, मग मोठं होता होता ती एकमेकांना जुळतात. आणि सगळ्यात छोटं हाड कानात, तांदळाच्या दाण्याहून लहान. मी चिमणीचा कान धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसले. तिला वाटलं मी पिळणार. आठ वर्षं मी हा कान धुतेय, पिळतेय, आणि आत हे एवढं चाललंय याचा मला पत्ता नाही!

सिस्टरांनी मला एक निळी वही दिली. रोज जे मोजेन ते त्यात लिहायचं आणि त्यांना दाखवायचं. "नर्सचं अर्धं काम लिहिण्याचं," म्हणाल्या. निळी वही त्यांची, ही डायरी माझी. इथे मी त्यांना खडूस म्हणू शकते. खडूस. हुश्श.

९ मार्च

आज फजिती. सिस्टरांनी मनगट पुढे केलं, "मोज नाडी." मी अंगठा टेकवला आणि मिनिटभर मोजून झोकात सांगितलं, "अठ्ठ्याऐंशी!" त्या म्हणाल्या, "शाबास. ही तुझी झाली, आता माझी मोज." म्हणे अंगठ्यात स्वतःचेच ठोके लागतात. म्हणजे मी अख्खं मिनिटभर त्यांच्या मनगटावर माझं काळीज मोजत होते!

मग त्यांनी तीन बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. हलकी, अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आत. आणि लागली! कातडीखाली काहीतरी टुक टुक वर येतं आणि जातं. माझ्या अंगावर काटा आला. माणूस गप्प बसलेला असतो, पेपर वाचत असतो, आणि आत हे अखंड चालू. सिस्टरांनी त्यांचं वॉर्डातलं घड्याळ मला लावायला दिलं. ते छातीवर उलटं टाचायचं, म्हणजे आपण मान खाली घातली की आपल्याला सुलटं दिसतं. मी आरशासमोर जाऊन तीनदा बघून आले.

१२ मार्च

सिस्टरांची नाडी बहात्तर आहे. चाळीस वर्षं बहात्तर, असं त्या सांगतात. नव्या पोरी यायच्या तेव्हा आधी सिस्टरांच्या मनगटावर शिकायच्या, कारण तिथे आकडा कधी बदलायचाच नाही.

माझे: ६६.

म्हणाल्या, "सहा ठोके कुठे सांडलेस?"

१४ मार्च

माझे: ६४. मधेच एखादा ठोका माझ्याकडून निसटतो. टुक, टुक, टुक, आणि मग नाही. मी बोट सरकवते तोवर परत सुरू. सिस्टर म्हणाल्या, "मनातल्या मनात गाणं म्हणतेस का? चित्त कुठे असतं तुझं?" मी खरंच गाणं म्हणत नव्हते.

हाताच्या परीक्षेत नाडी चुकली की लेखीचे कितीही गुण असोत, घरी. घरी म्हणजे परत त्या टेबलापाशी, जन्मभर.

१७ मार्च

आज एक गोष्ट केली. चांगली नाही केली. नाडी लागली ६३. सिस्टरांचा चेहरा आधीच ओढलेला, चहा तसाच गार झालेला. परत बोलणी खायचा धीर झाला नाही. निळ्या वहीत बहात्तर लिहिलं.

त्यांनी वही बघितली आणि हसल्या. "बघ, जमलं की नाही?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता रोज बहात्तरच लिहावं लागणार. खरा आकडा रोज इथे लिहिते, वेळ नसेल त्या दिवशी नुसता शेवटच्या पानावर. निदान माझी किती प्रगती होतेय ते मला तरी कळेल.

१८, १९, २० मार्च

६२. ६१. ६२. प्रगती कसली, कर्माची!

२२ मार्च

घरच्यांवर सराव. नवरोबा ६८, दोनदा मोजली, दोन्हीदा ६८. चिमणी ९२. टेबलावरची माझी जोडीदारीण ८०. कोणाचाही ठोका निसटला नाही. नवरोबा म्हणाले, "मग येतंय की तुला!" मी म्हटलं, तुमची खरी किती ते कुठे कोणाला माहीत आहे? म्हणून ती बरोबर वाटते. सिस्टरांची खरी माहीत आहे, म्हणून तिथे माझी चूक पकडली जाते. यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पटलं असणार.

लेखीचं मात्र झकास चाललंय. फुप्फुसं पाठ, रक्तगट पाठ.

२३ ते २८ मार्च

६०, ६०, ५८, ५९, ५७, ५७. दिवसेंदिवस माझी बोटं बधिर होत चालली आहेत. निळ्या वहीत सगळीकडे बहात्तर, बहात्तर.

२९ मार्च

आज हृदय. काय लिहू! दिवसाला एक लाख वेळा ते आवळतं आणि सुटतं. एक लाख! आणि त्याला कोणी सांगावं लागत नाही. वरच्या कप्प्यात एक इवलीशी जागा आहे, तिथून ठिणगी निघते. ती एका अरुंद वाटेने खालच्या कप्प्यांपर्यंत जाते आणि ठोका पडतो. वरचा निरोप खाली पोचला की ठोका, पुन्हा निरोप, पुन्हा ठोका, आईच्या पोटात असल्यापासून. चिमणी पोटात असताना हे माझ्याच आत सुरू झालं आणि मी तेव्हा कैरीच्या फोडी खात बसले होते. मला खरंच रडू आलं. सिस्टर काही म्हणतील म्हणून डोळे पुसले, तर त्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेत होत्या. सकाळी सव्वासहाला! मी एवढं कंटाळवाणं वाचते की काय?

जागं केल्यावर मलाच ओरडल्या. डोळे मिटून ऐकत होत्या म्हणे.

माझे: ५५.

५ एप्रिल

सकाळी सिस्टर दूध आणायला गेल्या होत्या. मी जिन्यातून बघितलं तर दारातल्या पाच पायऱ्यांपैकी तिसरीवर बसलेल्या. म्हणाल्या, चपलेचा पट्टा नीट करतेय. त्यांनी साध्या सपाता घातल्या होत्या, पट्टा कुठला त्यांना? असो. पिशवी मी घेतली तर "मी काय म्हातारी झाले?" म्हणून खेकसल्या, पण पिशवी दिली.

५०. कधीकधी तर ठोका येईपर्यंत मी मनात "ये ना गं बाई" म्हणते. पंधरा दिवस राहिले. लेखीत पास होऊन नाडीत नापास झालेली बाई म्हणून माझं नाव निघणार.

९ एप्रिल

सकाळी ४६. लिहायलासुद्धा लाज वाटते.

कारखान्यात आज भांडण. सात नंबरच्या मागावरचं कापड आलं. तो माग नवाकोरा, परवाच बसवला. माझ्या बोटांना मधेच सुटलेला धागा लागला. परत वीतभर पुढे. परत. मी खडू मारत गेले. सुपरवायझर धावत आले, "बाई, अहो नवा माग आहे! त्यात चूक असूच शकत नाही. पुसा त्या खुणा." मी म्हटलं, पुसणार नाही. "डोळ्याला तर दिसत नाही काही." म्हटलं, डोळ्याला नसेल दिसत, माझ्या हाताला लागतंय. शेवटी भिंग आणलं. धागे सुटलेले होते, अठरापैकी अठरा ठिकाणी. त्यांनी माग बंद करायला लावला, जाताना म्हणाले, "तुमच्या बोटांपुढे हात टेकले बुवा."

मला मस्त वाटायला हवं होतं. वाटलंही, बसमध्ये बसेपर्यंत. मग एकदम आपल्याच बोटांकडे बघत राहिले. या बोटांना धाग्याएवढी फट कळते. मग सिस्टरांच्याच मनगटावर ती आंधळी कशी होतात?

१० एप्रिल

सगळं नीट लिहिते.

सकाळी सहाला गेले. म्हटलं, सिस्टर, आज मला तुमची नळी द्याल? छातीचे ठोके ऐकायचेत. "परीक्षेत नाही ते," म्हणाल्या, पण दिली. आधी माझ्याच छातीवर लावली. अगं बाई! लब-डब, लब-डब. इतकं जवळ, इतकं ओलं, कोणीतरी दाराआड उभं असल्यासारखं. दुसरा कुठला दिवस असता तर मी नाचले असते.

मग सिस्टरांच्या छातीवर लावली, आणि तीन बोटं मनगटावर. लब-डब. लब-डब. आणि मग काहीच नाही. कानात काही नाही आणि बोटांतही काही नाही. दोन्हीकडे एकाच वेळी. मग परत लब-डब. माझ्याकडून निसटत नव्हता तो. तो पडतच नव्हता.

पूर्ण मिनिट मोजलं. मग परत एक मिनिट.

"सिस्टर," मी म्हटलं, "बेचाळीस."

"वेडी आहेस का?" त्या म्हणाल्या. "महिनाभर बहात्तर मोजतेस आणि आज बेचाळीस?"

मी म्हटलं, "महिनाभर मी खोटं लिहिलंय. तुम्ही म्हणालात म्हणून बहात्तर लिहिलं. कधीच बहात्तर लागली नाही, एक दिवस नाही."

त्यांनी निळी वही उघडली. पान उलटलं, दुसरं उलटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वही मिटून त्यांनी स्वतःची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली आणि माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे बघायला लागल्या. त्यांच्या बाजूने ते उलटं. मी काढून त्यांच्यासमोर धरलं. अख्खं मिनिट त्यांनी मोजलं. चाळीस वर्षं हजारो माणसांची नाडी धरलेली बाई, स्वतःची किती वर्षांत धरली नव्हती कोण जाणे.

मग म्हणाल्या, "बेचाळीस." आणि थोड्या वेळाने, "मला वाटत होतं, वय झालं."

नवरोबांनी शाळेची फेरी संपवून गाडी आणली. पायऱ्या उतरताना सिस्टरांनी माझा हात धरला. पहिल्यांदा.

११ एप्रिल

कालच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली. वरच्या कप्प्यातला निरोप खाली पोचत नाहीये, वाटेतच अडतोय. मी एकोणतीस मार्चला जे वाचून रडले होते तेच, फक्त मोडलेलं. शेजारी बसून सिस्टर डुलक्या घेत होत्या तेव्हा हेच चाललं होतं, आणि मला वाटलं माझं वाचन कंटाळवाणं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" सिस्टर म्हणाल्या, माहीत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. आणि पिशवीतून ही डायरी काढून दिली. देताना आठवलं, आत काय काय लिहिलंय! पण दिली.

त्यांनी पानं उलटली. ६६, ६४, ६३. मग खाली खाली. त्यांनी आकडे कागदावर उतरवून घेतले. मधेच एकदा हसू दाबलं, म्हणजे कुठल्या पानावर होत्या ते मला कळलं. मग म्हणाल्या, "हे कोणी मोजलं?" सिस्टर म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थिनीने." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस गेले असते तर जिन्यात पडला असता. आणि उठला असता की नाही, सांगता येत नाही."

आणखी थोडे दिवस. आणि चोवीस दिवस मी बहात्तर लिहिलं होतं.

परवा पेसमेकर बसवणार.

१४ एप्रिल

बसवला. गळ्याच्या हाडाखाली, बिस्किटाएवढा. आतली ठिणगी पोचली नाही तर हा पोचवणार. माणसांनी हे बनवलंय, माणसांनी! मी त्या पट्टीखालच्या उंचवट्याकडे बघत राहिले. सिस्टर म्हणाल्या, "बघतेस काय देवळात आल्यासारखी? वही आणलीस?"

मला वाटलं निळी वही फाडून टाकायला सांगतील. मी रबर आणि पांढरी शाईही नेली होती, सगळे बहात्तर झाकून टाकायला. त्या एवढ्या भडकल्या की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "खोडायचं नाही! झाकायचं नाही! चुकीच्या नोंदीवरून एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरा आकडा, सही, तारीख. काय चुकलं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे."

त्यांच्या खाटेशी बसून मी चोवीस रेघा मारल्या. चोवीसदा डायरीतून खरा आकडा बघून लिहिला, चोवीसदा सही. सोळाव्याला रडले. सिस्टर म्हणाल्या, "लगेच रडत नाही म्हणाली होतीस." म्हटलं, लगेच नाहीच, दीड महिन्याने.

मग त्यांनी डायरी मागितली. मी म्हटलं, त्यात खासगी आहे. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना चालतं?" द्यावी लागली. सावकाश वाचली सगळी, कोऱ्या पाटीसारखा चेहरा करून. सहा मार्चच्या पानावर थांबल्या, माझं पेन घेतलं. मला वाटलं आता मारतात रेघ. नाही मारली. 'खडूस'च्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'नोंद बरोबर आहे', खाली सही, तारीख.

मग मनगट पुढे केलं. मोजलं. साठ. एकही निसटला नाही. मी इतका सुंदर आकडा कधी लिहिला नव्हता.

२० एप्रिल

लेखी बरी गेली. दोन प्रश्न चुकले असतील, एक नक्की.

हाताच्या परीक्षेत समोर एक आजोबा. तीन बोटं ठेवली, मान खाली घालून उलट्या घड्याळात बघायला लागले. अर्ध्यातच परीक्षक बाई म्हणाल्या, "किती? पंच्याहत्तरच्या आसपास ना?" मी मान हलवून नको म्हटलं, कारण मोजणं चालू होतं. मिनिट संपल्यावर म्हटलं, "एकोणसत्तर." त्यांच्या कागदावर काय होतं मला दिसलं नाही. मी एकोणसत्तर लिहिलं आणि सही केली. चुकीचं असेल तर असेल, माझ्या हाताला लागलं ते हेच.

४ मे

दुपारी यादी लागणार होती. नवरोबांनी फोन घेतला आणि खिडकीपाशी गेले. चिमणी मधे मधे उड्या मारत होती. मी खुर्चीतच बसून होते.

तेवढ्यात दार वाजलं. सिस्टर. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, एकट्या, हातात काठी नाही, नुसती निळी वही. "लागली का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

नवरोबा खिडकीपाशीच होते. त्यांनी येऊन फोन माझ्यासमोर धरला. सदतिसावं नाव माझं. माझं! मी पाच वेळा वाचलं. चिमणीने सहाव्यांदा मोठ्याने वाचलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढी ओरडली.

सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि तीन बोटं टेकवली. इतक्या दिवसांत त्यांनी माझी नाडी कधी धरली नव्हती. मला हसू फुटत होतं, रडू येत होतं, मी उजव्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याशी ठेवली आणि सवयीने मीही मोजायला लागले. अख्खं मिनिट कोणी हललं नाही, चिमणीसुद्धा.

"एकशे अठरा," सिस्टर म्हणाल्या. "तुझे?"

"एकशे सोळा."

त्यांनी माझा हात सोडला आणि निळी वही पुढे सरकवली. "मग एकशे सोळा लिही," म्हणाल्या.